मळलेले हात

(आपल्या धर्मग्रामाच्या अमृतमहोत्सवाच्या सांगता-सभेंत केलेलें भाषण)



महोत्सव-समितीनें आम्हांस आपल्या धर्मग्रामाच्या पंचाहत्तर वर्षांच्या इतिहासावर दोन शब्द बोलावयास सांगितलें होतें. तो इतिहास स्मरणिकेंत सविस्तर छापून येणारच आहे. कोनशिला कोणत्या सालीं बसली, कोणते धर्मगुरु कधीं आले व कधीं गेले, घंटा कोणीं दिली, वेदीचा संगमरवर कोणाच्या देणगींतून आला, हें सर्व तेथें नांवानिशीं मिळेल. म्हणून त्या वाटेनें आज आम्ही जात नाहीं. तो इतिहास जुळवितांना जुन्या हिशेबाच्या वहींत आम्हांस जें दिसलें, आणि त्यानंतर यंदाच्या प्रायश्चित्तकाळांत रविवारीं संध्याकाळीं शाळेच्या सभागृहांत आम्हीं जें ऐकलें, तेवढेंच सांगावयाचें आहे.

वही देऊळ बांधतांना ठेवलेली आहे. तींत देणगीदारांचीं नांवें पूर्ण आहेत. वडिलांच्या नांवासकट, वाडीच्या नांवासकट. पुढें खर्चाचीं पानें लागतात. पाथरवट, आठ असामी. बेलदार. चुना मळणाऱ्या बाया. पाणी वाहणारा. प्रत्येकापुढें रुपये, आणे, पै. नांव मात्र एकाहि ठिकाणीं नाहीं. चुना मळणाऱ्या बाईचे हात चुन्यानें फुटले असतील. तिचा नातू कदाचित् या सभेंत पुढल्या रांगेस बसला असेल. परंतु आपण कोणाचे नातू हें त्या वहीवरून त्याला कळावयाचें नाहीं.

ही वही मनांत घोळत असतांनाच समितीची बैठक झाली. धर्मग्रामास भूषणभूत अशा मंडळींचा सत्कार करावयाचा ठरलें व यादी झाली. डॉक्टर, प्राध्यापक, बँकेंतील अधिकारी, परदेशीं गेलेले इंजिनियर. यादी योग्यच होती, आणि त्यांपैकीं एकाचेंहि श्रेय आम्ही कमी करूं इच्छीत नाहीं. आम्हीं सहज विचारलें कीं, आपल्यांत हातानें काम करणारें कोणी उरलें आहे कीं नाहीं? सभासद एकमेकांकडे पाहूं लागले. एक गृहस्थ म्हणाले, "आतां कोण राहिलंय, फादर? मुलं शिकलीं." तितक्यांत चहाचे पेले गोळा करीत असलेली एक मावशी म्हणाली, "मी हाय की."

तेथून या संध्याकाळी सुरू झाल्या. नियम दोनच केले होते. बोलणाऱ्यानें आपल्या कामाविषयीं बोलावें, आपल्या दुःखाविषयीं बोललेंच पाहिजे असें नाहीं; आणि ऐकणाऱ्यांनीं 'हें कसें करतां?' एवढेंच विचारावें, उपदेश करूं नये. हा दुसरा नियम आम्हां धर्मगुरूंस फार जड गेला, हें कबूल करतों.

येथें आमच्या शिक्षणाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. सेमिनरींत जुन्या नीतिशास्त्राच्या ग्रंथांत आम्हीं 'ओपेरा सर्व्हिलिया' हा लॅटिन शब्दप्रयोग वाचला होता. त्याचा अर्थ दास्यकर्में. रविवारीं व सणाच्या दिवशीं हीं कर्में करूं नयेत असें १९१७ च्या धर्मविधिसंहितेंत होतें. खणणें, नांगरणें, शिवणें हीं दास्यकर्में. लिहिणें, शिकविणें, चित्र काढणें हीं मात्र तशीं नव्हत. हेतु चांगला होता: कष्टकऱ्यास एक दिवस विसांवा मिळावा. १९८३ च्या नव्या संहितेंत तो शब्द राहिलेला नाहीं. परंतु शब्द पुस्तकांतून गेला म्हणजे डोक्यांतून जातोच असें नाहीं. आमच्या डोक्यांतून तो गेला नव्हता, हें पुढें दिसून येईल.

पहिल्या संध्याकाळीं मिठागरांत जन्म काढलेले एक वृद्ध गृहस्थ बोलले. पावसाळा उलटला कीं आगरांत सांचलेलें गोडें पाणी व गाळ प्रथम काढावा लागतो. बांध खचलेले असतात. चिखलाचे गोळे हातांनीं थापून ते पुन्हां उभे करावयाचे. मग वाफ्यांची जमीन पायांनीं तुडवावयाची. ही तुडवण एक-दोन दिवसांची नव्हे. पाणी खालीं झिरपणार नाहीं आणि मीठ ओढतांना माती वर येणार नाहीं, अशी ती घोटलेल्या ओट्यासारखी घट्ट होईपर्यंत, ओळीनें टांचा मारीत फिरावयाचें. नंतर उधाणाच्या भरतीस उघाडी उघडून समुद्राचें पाणी मोठ्या तळ्यांत घ्यावयाचें, व तेथून एका वाफ्यांतून दुसऱ्या वाफ्यांत असें फिरवीत न्यावयाचें. ऊन आणि वारा तें आटवीत जातात.

पाण्याचा दाटपणा मोजण्यासाठीं बोमे नांवाचें एक माप आहे. समुद्राचें पाणी त्यावर सुमारें ३ अंश भरतें. मीठ धरूं लागतें तें सुमारें २५ अंशांवर. आणि २९-३० च्या पुढें जाऊं दिलें तर मॅग्नेशियमचे कडू क्षार मिठांत उतरतात व माल बिघडतो. त्या गृहस्थांनीं हें माप कधीं हातांत धरलें नव्हतें. पाणी बोटांना तेलकट लागूं लागलें, त्यावर तांबूस झांक आली, कीं वेळ झाली. आणि जिभेवर कडवट आलें कीं वेळ टळली. एवढें बोलून ते असे थांबले कीं जणूं यांत सांगण्यासारखें कांहीं नाहींच.

मीठ ओढावयाचें तें लांब दांड्याला आडवी फळी ठोकलेल्या अवजारानें. बांधावर ढीग लावून निथळूं द्यावयाचें व मग टोपल्यांनीं डोक्यावरून वाहावयाचें. ओल्या टोपलीचें पाणी कपाळावर येतें, कपाळावरून डोळ्यांत. पायांस भेगा तर सर्वांनाच. त्यांत मीठ गेलें म्हणजे कसें वाटतें, असें पुढें बसलेल्या एका मुलानें विचारलें. "पहिल्या वर्षीं रडायला येतं," ते म्हणाले, "मग भेगेची आणि मिठाची ओळख होते."

१९३० सालीं वडाळ्याच्या व शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रही चालून गेले, हें आपण शाळेंत शिकतों, शिकवितोंहि. त्याच आगरांत उभ्या असलेल्या मजुराच्या टांचेकडे आम्हीं स्वतः कधीं पाहिलें नव्हतें. मिठाच्या दृष्टांतावर आम्हीं आजवर निदान पंचवीस प्रवचनें दिलीं असतील. मीठ तयार कसें होतें, हें वयाच्या पन्नाशीनंतर प्रथमच ऐकलें.

दुसरी संध्याकाळ पेले गोळा करणाऱ्या मावशीची. सकाळीं ती बोंबील वाळविते. बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच. होडी लागली कीं रात्र असो वा पहांट असो, तो लगेच टांगला पाहिजे, नाहींतर पाघळतो. दोन मासे घ्यावयाचे, त्यांचे जबडे एकमेकांत अडकवावयाचे, आणि ती जोडी बांबूंच्या मांडवावर ताणलेल्या दोरीवर सोडावयाची. बोंबलाचे दांत बारीक व आंत वळलेले असतात. म्हणून तर जोडी वाऱ्यानें सुटत नाहीं. आणि म्हणूनच टांगणारीचीं बोटें सोललीं जातात. दिवसांत किती जोड्या होतात, असें विचारतां ती म्हणाली, "मी मोजत न्हाय. दोरी मोजते." ऊन चांगलें असलें तर तीन-चार दिवसांत माल सुकतो. अवेळीं पाऊस आला तर कष्ट आणि भांडवल दोन्ही कुजतात; २०१७ च्या डिसेंबरांत ओखी वादळाचा पाऊस आला तेव्हां तिनें दोऱ्याच्या दोऱ्या खड्ड्यांत पुरल्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ते दोन महिने ती लोकांचीं भांडीं घासते.

मग तिनें आपण होऊन वासाची गोष्ट काढली. शनिवारीं रात्रीं ती लिंबू, चिंचेचा कोळ, राखुंडी आणि शेवटीं वासाचा साबण असें क्रमानें हातांस लावते. तरी सकाळीं मिस्सेच्या वेळीं हात जोडून नाकापाशीं नेले कीं वास येतोच. शेजारच्या बाईनें एकदां पदर नाकास लावला. तेव्हांपासून, म्हणजे गेलीं तीस वर्षें, ती दारापाशीं शेवटच्या बाकावर बसते.

शेवटच्या बाकावर बसणारी ही बाई आम्हांस परिचयाची होती. किंबहुना एकदां प्रवचनांत, तिचें नांव न घेतां, तिच्या नम्रतेचा आम्हीं गौरवहि केला होता.

त्या रात्रीं आम्हांस प्रेषितांच्या कृत्यांतील कातडी कमावणाऱ्या शिमोनाची आठवण झाली. योप्पा येथें संत पेत्र बरेच दिवस त्याच्या घरीं राहिला, आणि तें घर समुद्राच्या कांठीं होतें, असें तेथें सांगितलेलें आहे. मेलेल्या जनावरांच्या कातड्यांचा तो धंदा यहुदी लोकांत विटाळाचा मानला जाई. वासामुळें अशीं घरें वस्तीपासून दूर असत. पेत्र स्वतः मासे पकडणारा होता. त्याला त्या घरांत झोंप लागली असेल. सेमिनरींत हें प्रकरण शिकतांना आमचें सारें लक्ष तेथें पेत्राला झालेल्या दर्शनाकडे होतें. घर कोणाचें होतें तें परीक्षेंत विचारीत नसत.

तिसऱ्या संध्याकाळीं चौघे जण बोलले: म्हशींच्या तबेल्यांत काम करणारा, गॅरेजांत गाड्यांच्या खालीं निजून काम करणारा, केळींच्या वाडींत पेंडीचें खत घालणारा, आणि इस्पितळांत रोग्यांचीं मळकीं कापडें धुणारी एक बाई. वेळ थोडा होता व बोलणारे अधिक, त्यामुळें कोणाचेंच पुरें झालें नाहीं. ही आमची चूक. पुढील वेळीं त्यांस पुन्हां बोलवावयाचें आहे.

चौथ्या संध्याकाळीं आपल्या कबरस्थानांत खड्डे खणणारा मनुष्य आला. त्याला आपण सर्व ओळखतों असें आपणांस वाटतें. आपलें कबरस्थान खाडीच्या कांठीं. पावसाळ्यांत तीन फुटांवर पाणी लागतें. खणणें हें काम अर्धेंच. उरलेलें अर्धें काम पाणी उपसण्याचें. पहांटेपासून तो डबड्यानें पाणी बाहेर टाकीत असतो. घंटा वाजूं लागली, अंत्ययात्रा फाटकांतून आंत आली, कीं शेवटचें डबडें टाकून तो झाडामागें सरतो. आपल्या माणसास कोरड्या मातींत ठेवलें असें घरच्यांस वाटावें एवढ्यासाठीं ही सारी धांवपळ. "म्हणून फादर," तो म्हणाला, "पावसांत प्रवचन जरा आंखूड ठेवा. तुम्ही बोलत ऱ्हाता, खालीं पाणी चढत ऱ्हातं." सभागृहांत मोठा हंशा झाला. तो मात्र हंसला नाहीं. २०२० व २०२१ सालीं साथीच्या दिवसांत अंगभर प्लास्टिकचा झगा चढवून त्यानें व त्याच्या मुलानें खड्डे खणले. झग्यांत घाम कसा कोंडतो आणि कांचेवर वाफ धरली म्हणजे खड्ड्याची कड कशी दिसत नाहीं, हें त्यानें सांगितलें. त्या दिवसांत आम्ही फाटकापाशीं उभे राहून प्रार्थना म्हणत असूं. तो आंत असे.

आतां पांचव्या संध्याकाळविषयीं.

त्या दिवशीं बोलणारा मनुष्य आपल्या धर्मग्रामांतला नव्हे, आपल्या धर्माचाहि नव्हे. आपल्या तरुण मंडळांतील एका मुलाच्या सोसायटींत तो संडासाची टांकी उपसण्यास आला होता. मुलानें त्यास आमंत्रण दिलें. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीं तो मराठवाड्यांतून कामाच्या शोधांत इकडे आला. स्नान करून, इस्तरीचा सदरा घालून आला होता. तरी खुर्चीवर बसेना. दारापाशींच उभा राहिला. आम्हीं स्वतः खुर्ची पुढें केली तेव्हां तिच्या कडेस टेकला, आणि खालीं पाहून बोलूं लागला.

टांकींत वर सायीसारखा घट्ट थर असतो, त्याखालीं पाणी, आणि तळाशीं गाळ. गाडी लावली तर तिची नळी पाणी ओढते. वर्षानुवर्षें सांचून दगडासारखा झालेला तळाचा गाळ ती ओढीत नाहीं. तो फावड्यानें बालदींत भरून दोरीनें वर द्यावा लागतो. जेथें गाडीच पोंचत नाहीं तेथें सारेंच बालदीनें. झांकण कांहीं तास आधीं उघडून ठेवावयाचें. अंगास खोबरेल चोळावयाचें. कमरेस दोरी, तिचें दुसरें टोंक मेव्हण्याच्या हातांत. पुष्कळ जण उतरण्यापूर्वीं दारू घेतात. "शुद्धीवर ऱ्हाऊन उतरवत न्हाई," असें तो म्हणाला, व लगेच, "फादर, माफी असावी," असेंहि म्हणाला.

मग त्यानें एक गोष्ट सांगितली. "सडक्या अंड्याचा वास येतो तंवर मी उभा ऱ्हातो. वास आपसूक बंद झाला, की हातातलं टाकून वर. वास गेला म्हंजी वारं लागलं, असं ज्याला वाटलं त्यो तितंच ऱ्हायला."

सभेंत रसायनशास्त्राच्या एक शिक्षिका होत्या. त्या उठल्या. हा हायड्रोजन सल्फाइड नांवाचा वायु, असें त्यांनीं सांगितलें. तो हवेपेक्षां जड असल्यामुळें खालीं सांचतो. थोडा असतां अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलें कीं तो प्रथम माणसाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो, आणि त्याहून वाढला तर एक-दोन श्वासांत माणूस पडतो. गाळांत कोंडलेला वायु गाळ ढवळतांच सुटतो; म्हणून उतरतांना बरी वाटलेली टांकी पहिलें फावडें मारतांच जीव घेऊं शकते. वास येत आहे तोंवर टांकी सुरक्षित असते असें मात्र कोणीं समजूं नये, असेंहि बाईंनीं बजावलें. कारण वायु केव्हां वाढेल याचा नेम नसतो, आणि कांहीं वायूंना तर वासच नसतो. तो मान हलवीत ऐकत होता. मग म्हणाला, "हां. एक पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो. माझा थोरला तसाच उतरला होता." कोठें, कोणाच्या टांकींत, हें त्यानें सांगितलें नाहीं. आम्हींहि विचारलें नाहीं.

कोणीं तरी विचारलें, आजवरची सर्वांत अवघड टांकी कोणती? तो थोडा वेळ गप्प राहिला. एका चर्चच्या आवारांतली, म्हणाला. दोन खणांची. झांकण बदामाच्या झाडाखालीं, त्यामुळें मुळ्या भिंत फोडून आंत शिरलेल्या. उतरावयास लोखंडी पायऱ्या होत्या, त्यांतली मधली गंजून तुटलेली. मुळ्यांत पाय अडकला आणि काढतां येईना. मेव्हण्यानें वरून दोरी ओढली तेव्हां कातडें सोलवटून सुटला. परंतु तेथल्या फादरांनीं पैसे पुरे दिले, ठरल्यापेक्षां पन्नास रुपये अधिकच दिले, हें त्यानें मुद्दाम सांगितलें.

बंधुभगिनींनो, बदामाचें झाड असलेलीं आवारें या किनाऱ्यावर पुष्कळ असतील. परंतु ती मधली तुटलेली पायरी आम्हांस ठाऊक होती. ती टांकी आमच्या निवासाची. साल २०१५. त्या वेळीं आम्ही येथें साहाय्यक धर्मगुरु होतों, आणि माणूस बोलावून काम उरकून घेण्याचें आमच्याकडेच होतें. पाय अडकल्याचा प्रकार आम्हांस त्या संध्याकाळपर्यंत माहीत नव्हता. कारण वास येऊं नये म्हणून खिडक्या लावून आम्ही वरच्या खोलींत दुसऱ्या दिवसाचें प्रवचन लिहीत बसलों होतों. खालीं ओरडा झाला असेल तर तो आम्हांस ऐकूं आला नाहीं. काम झाल्यावर खालीं आलों. पैसे त्याच्या हातावर ठेवले नाहींत. विहिरीच्या कठड्यावर ठेवले, दोन पावलें मागें सरलों, आणि त्यानें ते उचलीपर्यंत उभे राहिलों. त्याचे हात घाण होते असें म्हणावें, तर त्यानें त्याच विहिरीवर आमच्या देखत हात धुतले होते. जातीची वही आपण देवळाच्या बाहेर ठेवून आलों, असें आपण ख्रिस्ती लोक म्हणतों. त्या दिवशीं ती आमच्या खिशांत होती.

आम्हीं उभे राहून सभेस हें सांगितलें. तो मनुष्य घाबरला. आपण फादरांची चारचौघांत तक्रार केली असें त्यास वाटलें. हात जोडून तो म्हणूं लागला, "तुमी न्हवं फादर, तुमी न्हवं. ते दुसरं कुठलं तरी चर्च आसंल." खोटें बोलून तो आमची लाज राखूं पाहत होता. आमच्यानें पुढें बोलवेना. सभा तेथेंच संपली.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं कायदा वाचला. हातानें मैला साफ करण्याचें काम कोणास देण्यास बंदी करणारा व तें करणाऱ्यांच्या पुनर्वसनाची तरतूद करणारा हा कायदा २०१३ सालीं झाला व त्याच वर्षीं ६ डिसेंबरपासून अमलांत आला. संरक्षक साधनें न देतां माणसास गटारांत किंवा संडासाच्या टांकींत उतरविणें हा त्याप्रमाणें गुन्हा आहे. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद, अथवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१४ च्या मार्चांत सर्वोच्च न्यायालयानें, १९९३ पासून अशा कामांत जे मेले त्यांच्या कुटुंबांस प्रत्येकीं १० लाख रुपये द्यावे, असें सांगितलें. २०२३ च्या ऑक्टोबरांत ती रक्कम ३० लाख केली. म्हणजे बदामाच्या झाडाखालचें झांकण आम्हीं उघडविलें तेव्हां कायदा होऊन वर्षावर काळ लोटला होता. आम्हांस तो ठाऊक नव्हता. जें जाणून घेणें आपलें कर्तव्य आहे त्याविषयींचें अज्ञान माणसास दोषांतून सोडवीत नाहीं, हें मात्र आम्हांस नीट शिकविलेलें होतें. त्यावर आम्हांस परीक्षेंत गुणहि चांगले मिळाले होते.

त्यानंतर धर्मग्राम-परिषदेनें ठरविलें कीं देऊळ, शाळा, धर्मभगिनींचा मठ व आमचा निवास यांच्या टांक्यांत यापुढें माणूस उतरणार नाहीं. जें करावयाचें तें गाडीनें व यंत्रानें. घट्ट गाळाचें काय, हा प्रश्न उरला. त्यास उत्तर त्याच मनुष्यानें दिलें. टांकी पंधरा-पंधरा वर्षें विसरून न जातां दर दोन-तीन वर्षांनीं उपसली तर गाळ दगड होत नाहीं, पातळ राहतो, व नळी तो ओढून नेते. आमच्या समितींत तीन इंजिनियर आहेत. हें त्यांपैकीं एकासहि सुचलें नव्हतें, असें त्यांनींच हंसून कबूल केलें. बदामाच्या मुळ्या तोडून भिंत दुरुस्त केली आहे. झाड ठेवलें आहे.

सारें नीट झालें असें मात्र समजूं नये. आपल्या जुन्या वाड्यांच्या गल्ल्या अरुंद. गाडी आंत जात नाहीं. लांब नळीचे पैसे अधिक पडतात. गेल्याच महिन्यांत आपल्यापैकीं एका घरीं रात्रीं दिवा लावून माणूस उतरविला, असें आमच्या कानीं आलें. त्या घरचे लोक येथें बसले असतील. आम्ही नांव घेत नाहीं. आम्हांस तो अधिकारहि नाहीं. फक्त उद्यां संध्याकाळीं आम्ही त्यांच्याकडे चहास येणार आहों, एवढें सांगून ठेवतों.

आणि आणखी एक प्रश्न, ज्याला आमच्यापाशीं अद्याप उत्तर नाहीं. परिषदेचा ठराव आम्हीं त्या मनुष्यास मोठ्या उत्साहानें वाचून दाखविला. त्यानें शांतपणें ऐकून घेतला आणि विचारलें, "मग माझं काय, फादर?" कायद्यांत पुनर्वसन लिहिलेलें आहे, तें मिळविण्यासाठीं कागद लागतात, त्याचे कागद अर्धे गांवीं आहेत आणि अर्धे नाहींतच. आपल्यांतील दोन वकील मंडळी त्यासाठीं खेपा घालीत आहेत. तोंवर तो आठवड्यांतून तीन दिवस एका गाडीवर नळी धरण्यास जातो. उरलेले दिवस कोठें जातो, तें आम्हीं विचारलें नाहीं, विचारावयास हवें.

त्याचें नांव आतां आम्हांस माहीत आहे. जुन्या वहीची भरपाई म्हणून तें स्मरणिकेंत छापावें, असें आमच्या मनांत होतें. त्यानें हात जोडून नको म्हटलें. गांवाकडे त्याच्या आईस व मुलींस तो 'मुंबईकडे म्युनिसिपालिटींत' आहे एवढेंच ठाऊक आहे. कबर खणणाऱ्यानें, मिठागरांतील गृहस्थांनीं व मावशीनें मात्र परवानगी दिली आहे. तीं नांवें देणगीदारांच्याच पानावर, त्याच टायपांत, वडिलांच्या नांवासकट येतील. मावशीस आम्हीं मिस्सेच्या वेळीं पुढें येऊन बसण्याची विनंतीहि केली. ती म्हणाली कीं तीस वर्षांत तिला दारापाशींच्या वाऱ्याची संवय झाली आहे, आणि पुढें पंख्याखालीं तिला झोंप येईल. हें खरें कीं आमची लाज राखण्याची ही दुसरी तऱ्हा, हें आम्हांस कळलेलें नाहीं. गेल्या दोन रविवारीं पहिल्या रांगेंतल्या दोघी-तिघी बायका उठून तिच्याजवळ शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या आहेत.

या संध्याकाळी महोत्सवाबरोबर संपावयाच्या नाहींत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं सभागृह उघडें राहील. पुढील वेळीं इस्पितळांतील कापडें धुणारी बाई प्रथम बोलेल. तिची पाळी सातला सुटते, म्हणून सभा साडेसातच्या आधीं सुरू होणार नाहीं. खुर्च्या कमी पडतात. तरुण मंडळींनीं जरा लवकर येऊन शाळेच्या वर्गांतून बाकें आणावीं; चहाचे पेले ज्यानें त्यानें आपले आपण विसळून ठेवावे, कारण मावशी त्या दिवशीं पाहुणी म्हणून येणार आहे.